टेबलावरची पिक ग्लास

बर्न्ली, लँकेशायर
रविवार, दुपार

ती. अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. आज्जीला वेगळा नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर आई स्पीकर लावते, मागच्या खात्यातल्या यंत्रमागांचा खडखडाट आत येतो, मी सांगते एक आणि अण्णांना ऐकू जातं दुसरंच. शिवाय शेवटी जे लिहायचंय ते स्पीकरवर बोलण्यासारखं नाही.

आधी तब्येतीचं. आई, मी वाळलेली नाही. रात्रपाळी संपवून आल्या आल्या व्हिडिओ लावते म्हणून चेहरा उतरलेला दिसतो. ज्वारीचं पीठ ब्लॅकबर्नच्या दुकानात मिळतं, भाकऱ्या करते, तुझी चटणी अजून अर्धा डबा आहे. कोट घेतलाय, जाड आहे. रात्री एकटी चालत येत नाही, आम्ही तिघी एकत्र येतो. हे तुला मागच्या वेळीही सांगितलं होतं.

आता आज्जी विचारते मी चर्चला जाते का, त्याचं. दादानं ग्रुपवर टाकलेल्या फोटोत मागं क्रूस दिसतो, तो हॉल चर्चचाच आहे. पण तिथं त्या दिवशी प्रार्थना नव्हती आणि मला कुणी काही करायला सांगितलं नाही. आपल्याकडं देवळाच्या सभामंडपात भिशी नाही का भरत, तसंच ते. तिथं काय चाललं होतं ते नीट सांगते, म्हणजे पुन्हा विषय नको.

इथली म्हातारी माणसं महिन्यातून एकदा त्या हॉलमध्ये जमतात. प्रत्येकानं घरातली एक जुनी वस्तू आणायची. माळ्यावरची, आजोबांच्या शेडमधली, सासूच्या शिवणाच्या डब्यातली, कुठलीही. सगळ्या वस्तू लांब टेबलावर मांडतात, प्रत्येकीपुढं नुसता आकडा. मग चहाचा कप घेऊन सगळे टेबलाभोवती फिरतात. वस्तू हातात घ्यायची, उघडायची, वजन बघायचं, वास घ्यायचा आणि ती कशासाठी असेल ते चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठीला एक पौंड, तो चर्चच्या छपरासाठी जातो. महत्त्वाचा नियम असा की ज्याला ठाऊक असेल त्यानं गप्प बसायचं. सगळ्यांचं लिहून झाल्याशिवाय अवाक्षर काढायचं नाही. कधी कधी ज्यानं आणली त्यालाच माहीत नसतं. मग ती वस्तू पुढच्या महिन्यात परत येते. एक लोखंडी चिमटा म्हणे पाच महिने येतोय.

आई, तू म्हणशील या लोकांना कामधंदा नाही का. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. शेजारच्या आजींना मी इंजेक्शन द्यायला जाते, त्यांनी आग्रह केला म्हणून गेले. पण तिथं बसल्यावर कळलं, ही माणसं खेळत नाहीत. वस्तू ओळखली गेली की ज्याची असेल त्याचा चेहरा बदलतो. आपल्या आईच्या हातात रोज काय असायचं, ते कुणाला ऐंशीव्या वर्षी कळतं.

तीन नंबरला लोखंडी अडकित्ता होता. मी बिनधास्त चिठ्ठीवर सुपारी लिहिलं. पाती खेकड्याच्या नांगीसारखी वाकडी, दोन मुठींच्या मध्ये बोट चेमटू नये म्हणून खुंटी. पण तो निघाला साखरेचा. पूर्वी इथं साखर दाणेदार मिळत नव्हती, उंच शंकूसारखी ढेप यायची, निळ्या कागदात गुंडाळलेली. आपण गुळाची ढेप फोडतो तशीच, फक्त इतकी टणक की असा अडकित्ता लागायचा. मी आपल्या गुळाच्या ढेपेबद्दल सांगितलं तर त्यांना फार नवल वाटलं. दुसरी एक वस्तू, लांब काठी, टोकाला तारांचा झुबका. मला वाटलं जाळी काढायची. तर ती माणसं उठवायची काठी. गिरणीची पाळी पहाटे, घड्याळ प्रत्येकाच्या घरी नाही, मग एक माणूस गल्लीतून फिरत वरच्या मजल्याच्या खिडक्यांवर ही काठी वाजवायचा आणि आठवड्याला थोडे पैसे घ्यायचा. आपल्याकडं भोंगा, इथं काठी.

अकरा नंबरला होती पितळी काच. अण्णा, हे तुमच्यासाठी लिहितेय. तीन बिजागरीच्या पट्ट्या, मिटली की काडेपेटीएवढी. उघडली की खाली चौकोनी खिडकी, वर भिंग. खिडकीच्या कडेला बारीक रेघा कोरलेल्या. हातात घ्यायच्या आधीच मला माहीत होतं, ही पिक ग्लास. तुमच्या शर्टाच्या खिशाला जिथं पडून पडून काळा डाग पडलाय, तिथली.

मी गप्प बसले. एकानं तिकिटं बघायला म्हटलं, एकानं सोनाराचं भिंग, एका बाईनं औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचायला. जिनं आणली तिला सासूच्या शिवणाच्या डब्यात सापडलेली, तिलाही सांगता येईना. शेवटी माझी चिठ्ठी वाचली. मग मी उठले, त्यांच्याच टेबलावरच्या सुती कापडावर काच ठेवली, सुई मागितली आणि तुम्ही मोजता तसं एकेक धागा टोकानं बाजूला सारत मोजलं. उभे चौसष्ट, आडवे साठ. सांगितलं, ही खिडकी बरोबर एक इंचाची आहे. इंचात किती धागे बसलेत त्यावर कापडाची जात ठरते. आणि आमच्याकडं मागावाल्याला मजुरी अजून पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर मिळते.

हॉलमध्ये एक आजोबा होते, त्यांची आई इथल्या गिरणीत चार माग चालवायची. ते माझ्याकडं बघून आवाज न काढता, तोंड मोठं करून काहीतरी बोलले आणि हातानं खूण केली. मला समजलं! खडखडाटात ऐकू येत नाही म्हणून विणकर बाया इथं ओठांवरूनच बोलायच्या, त्याला ‘मी-मॉ’ म्हणतात. अण्णा, तुम्ही आणि माग दुरुस्त करणारे जॉबरमामा बोलता ना, अगदी तसंच. ते विचारत होते, तुझे वडील अजून विणतात का. मी हो म्हणाले. आठ माग आहेत म्हणाले. खोटं बोलले नाही, त्या दिवशी आठच होते.

दुसऱ्या रविवारी तेच मला हार्ल साइकच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये घेऊन गेले. १८९४ ची गिरणी, १९८२ पर्यंत वाफेवर चालली, आता संग्रहालय. दारातून आत पाऊल टाकलं आणि तेलाचा नि सुताचा तो वास आला. मला बाहेर येऊन थोडा वेळ उभं राहावं लागलं. लहानपणापासून इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणतात हे ऐकलं, खरं मँचेस्टर इथून तासाभरावर आहे. पण मला इचलकरंजी दिसली ती या गिरणीत. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये आपल्या गावात पहिला माग लावला तेव्हा ही गिरणी दहा वर्षांची होती.

तिथं एक धोटा हातात दिला, मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेतो तो. भोकाशी लाकूड गुळगुळीत झालेलं. आतली सुताची कांडी बदलली की भोकाला तोंड लावून सूत ओढायचं, म्हणून. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं, क्षयाची भीती. लँकेशायरमध्ये १९५२ मध्ये हे बंद केलं. आपले आजोबा शेवटपर्यंत तसंच ओढायचे. त्यांचा खोकला आम्ही सगळे तंबाखूवर ढकलत होतो. आता नर्स झाल्यावर मला तो खोकला वेगळा ऐकू येतो. अण्णा, तुमचा खोकला किती दिवसांचा आहे? दादाला सांगून एक्स-रे काढा. या आठवड्यात काढा.

आता कामाचं. आईनं फोनवर हळूच सांगितलं की माग भंगारात घालायचं चाललंय, साध्या मागाला आता गिऱ्हाईक नाही, वजनावर जातील. धंद्यासाठी काढत असाल तर मी कोण बोलणार. तुम्ही चाळीस वर्षं काढलीत त्या खात्यात. पण माझ्या लग्नासाठी काढत असाल तर काढू नका. मला इकडं पाठवताना चार गेले. तेव्हा ‘जागा अडते म्हणून विकले’ म्हणालात आणि मी ते खरं मानून घेतलं, कारण मला यायचं होतं. ते परत होऊ देणार नाही.

सांगलीच्या स्थळाचं. फोटो बघितला, मुलगा चांगला वाटतो. नाही म्हणत नाही. शनिवारी त्याच्याशी बोलेन, पण नोकरी सोडून येणार नाही हे आधीच त्यांच्या कानावर घाला. नंतर तोंडघशी पडायला नको. दिवाळीला रजा मिळत नाही, मागितली होती. आई, रडू नकोस. फेब्रुवारीत तीन आठवडे येते. बघण्याचा कार्यक्रम तेव्हाच ठेवा, आणि घरीच ठेवा. हॉल नको.

या महिन्याचे साठ हजार दादाच्या खात्यावर टाकलेत. त्यातले आधी सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्याची उधारी भागवा, मग आज्जीच्या डोळ्याचं ऑपरेशन. उरले तर बाळाची फी. माझ्याकडं पुरेसे आहेत, विचारत बसू नका.

पुढच्या महिन्यात मला वस्तू न्यायची आहे. कातणं नको, इथंही पेस्ट्री कापायला तसंच चाक असतं, लगेच ओळखतील. विहिरीतली घागर काढायचा गळ न्यायला आवडलं असतं, पण पार्सलला जड पडेल. आज्जीची धान्य मोजायची चिपटं-मापटं द्यायला ती तयार आहे का विचारा. नुसतं मापटं पाठवलं तरी चालेल.

आज्जीला आणि वहिनीला नमस्कार, बाळाला पापा.

तुमची,
ताई

ता. क. अण्णा, तुमची पिक ग्लास टेबलाच्या खणात असते. भंगारवाला आला की खणासकट उचलतो. आजच काढून देवघरात ठेवा.