तणनाशकानं बाईच्या ताटातली भाजी नेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी कपिलतीर्थ मंडईत पन्हाळ्याकडून आलेल्या एका बाईकडून कुर्डूची जुडी घेतली, वीस रुपयांना. भाजी कोवळी, लुसलुशीत होती. सहज विचारलं, "घरात ठेवलीस का थोडी?" ती म्हणाली, "घरात ठिवून काय करू बाई? हितं चार पैसं येत्यात." जुडी हातात देताना तिची नखं दिसली. पांढरीफटक होती.

भुदरगड आणि राधानगरी तालुक्यांत मी एकतीस वर्षं आरोग्य सेविका होते. रक्त कमी आहे का हे कळायला बाईची नखं आणि पापणीची आतली बाजू बघायची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आपल्याकडं 'रान' म्हणजे जंगल नव्हे. 'रानात गेलीया' म्हणजे शेतात गेली आहे. रानभाजी हा शब्दही आमच्या गावात त्याच अर्थानं होता. भारंगी, बांबूचे कोंब डोंगरातून यायचे हे खरं, पण बाईच्या रोजच्या ताटातली भाजी शेतातल्या सरीतून यायची. तांदळी, घोळ, कुर्डू, केना, पात्री पावसाळ्यात आणि चाकवत हिवाळ्यात. यातलं काही कुणी पेरत नव्हतं. भांगलायला गेलेली बाई खुरपं चालवता चालवता कोवळे शेंडे ओच्यात टाकायची आणि संध्याकाळी बुट्टीत जळण, वैरण आणि वर भाजी घेऊन घरी यायची.

या भाजीला नवऱ्याकडं पैसे मागावे लागत नव्हते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अंडी आणली तर पोरांना, दूध विकलं तर डेअरीला, मटण केलं तर आधी पुरुषांना. मागं राहिलेल्या रश्श्यात भाकरी बुडवून बाई जेवायची. ओच्यातल्या भाजीचा हिशेब मात्र कुणी विचारत नव्हतं. शिवाय दुपारी बांधावर जेवायला बसल्यावर पात्रीची कच्ची पानं चटणी-भाकरीबरोबर खायची रीत होती. माझी आई तशी जेवायची, मी तिच्याशेजारी बसून जेवले आहे. पुढं प्रशिक्षणात शिकवलं, की पालेभाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं आणि शिजवताना ते बरंच नष्ट होतं. तेव्हा बांधावरच्या त्या कच्च्या पानांची मला आठवण झाली.

बाईच्या अंगाला लोह पुरुषापेक्षा जास्त लागतं, कारण दर महिन्याला रक्त जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. प्रत्यक्षात तिच्या ताटात काय असतं, ते आपण सगळे जाणतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के बायकांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात तो ५४ टक्क्यांवर गेला. मधल्या काळात गावोगावी आशाताई होत्या, लोहाच्या गोळ्या होत्या, घरपोच आहार होता. तरी आकडा खाली आला नाही, वर गेला. या वाढीची कारणं अनेक असतील. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं एक सांगते.

आमच्या भागात ऊस वाढला तसे भांगलायला माणूस मिळेना. मग पाठीवरचे पंप आले. उसात सर्रास मारतात त्या टू-फोर-डी औषधाचं काम असं, की ते रुंद पानांचं तण मारतं आणि उसासारख्या गवतवर्गीय पिकाला धक्का लावत नाही. आता वर लिहिलेली नावं पुन्हा वाचा. तांदळी, घोळ, कुर्डू, पात्री, चाकवत. सगळ्या रुंद पानांच्याच. माझ्या भावाच्या गोठ्यात अशा औषधाचं माहितीपत्रक पडलं होतं. ते उचलून वाचलं तर 'या तणांचा नायनाट होतो' म्हणून दिलेल्या यादीत घोळही होती. माझ्या आईनं आम्हा चार भावंडांना जी भाजी खाऊ घातली, ती यादीत तण म्हणून होती. मी तो कागद घेऊन बराच वेळ तिथंच बसले.

भावाला मी दोष देत नाही. मजुरी त्याला झेपत नाही आणि वेळेत तण काढलं नाही तर ऊस मागं पडतो. पण एका फवारणीत बाईची मजुरी गेली आणि भाजीही गेली, याची नोंद कुणी कुठं केली नाही. भाजी गेली तशी तिची ओळखही चालली आहे. भारंगी उकडून कडू पाणी टाकावं लागतं, टाकळ्याची कोवळीच पानं घ्यायची, रानअळूला चिंच किंवा आमसूल घातलं नाही तर घसा खाजतो, हे माझ्या सुनेच्या वयाच्या मुलींना माहीत नाही. ओळख नसेल तर कुणी काहीही खुडू नये, हेही सांगते. आणि फवारलेल्या शेतातली किंवा गटाराकडेची भाजी तर नकोच.

एक गैरसमजही दूर करायला हवा. रानभाजी खाल्ली म्हणजे गोळ्यांची गरज नाही, असं हल्ली मोबाईलवर फिरतं. ते चुकीचं आहे. पालेभाजीतलं लोह मटण-मासळीतल्या लोहाइतकं अंगी लागत नाही. गरोदर बाईनं लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्याच. सुरुवातीच्या काळात मी हिमोग्लोबिन मोजायला साहलीच्या नळीत रक्ताचा रंग जुळवून बघायची. सातव्या महिन्यात आठ ग्रॅमवर असलेली बाई केवळ भाजीनं अकरावर येत नाही. पण गोळ्या संपल्यावर पुढची वीस वर्षं तिला जे ताट मिळणार, त्यात भाजी असायला हवी. वरून लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. भाकरी संपली की चुलीवर चहाचं भांडं चढतंच, आणि हीच सवय मोडताना मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

दर ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाज्या महोत्सव भरवतो. चांगला उपक्रम आहे, मी जाते. पण तिथं भाजी शहराकडं येते आणि आणणारी बाई रिकाम्या बुट्टीनं परत जाते. माझ्या मागण्या साध्या आहेत. ऊसविकास कार्यक्रमातून शेतकऱ्याला फवारणीचं वेळापत्रक देतात, त्यातच 'बांधालगतच्या दोन सऱ्या औषधाविना ठेवा' हेही सांगावं. तेवढं भांगलण घरच्या बाईला जमतं, आणि शेजारच्या सरीत फवारताना वारा बघून नोझल खाली धरलं तर औषध तिकडं उडत नाही. शाळांच्या परसबागांत घोळ आणि तांदळी आपोआप उगवते, ती तण म्हणून उपटू नये, पोषण आहाराच्या आमटीत घालावी. आणि अंगणवाडीत गरोदर बायकांची बैठक होते, तिथं गावातल्या एखाद्या म्हातारीला बोलवून भाज्या ओळखून दाखवायला सांगावं. तिला त्या दिवसाचं मानधन द्यावं.

भावानं यंदा दोन सऱ्या सोडल्या आहेत. मागच्या आठवड्यात वहिनीनं तिथली तांदळी लसूण-मिरची घालून केली. मी समोर बसून तिला आधी स्वतःच्या ताटात वाढून घ्यायला लावली.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
कोल्हापूर