बाजारभावाचा तक्ता आम्हालाही वाचता येऊ द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार,

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. घरी कांदा असतो आणि सकाळी कुठल्या मार्केटला काय भाव निघाला हे बघायचं काम घरात माझ्याकडेच आहे. लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतो, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर म्हणतात त्याला), 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करननी सुरू केलं, तो स्वतः अंध. मराठीही वाचतं ते.

तुम्ही तक्ता बघता तेव्हा नजर वरच्या ओळीवर जाते आणि लगेच कळतं की ही आवक, हा कमीत कमी दर, हा जास्तीत जास्त, हा सर्वसाधारण. आम्हाला एका वेळी तक्त्यातलं एकच घर, म्हणजे एकच चौकोन, ऐकू येतो. कंट्रोल आणि ऑल्ट दाबून बाणाची बटणं दाबत सरकायचं. तक्ता नीट बनवलेला असेल तर उजवीकडे सरकलं की "जास्तीत जास्त दर, 1850" असं ऐकू येतं, खाली सरकलं की "विंचूर", "पिंपळगाव" असं मार्केटचं नाव आधी येतं. आणि नीट नसेल तर नुसते आकडे, 9200, 700, 1850, 1500, आता यात आवक कुठली न् भाव कुठला ते मोजत बसा, त्यात मध्येच दोन घरं जोडून तारीख टाकलेली असली की मोजणी पण चुकते.

गेल्या महिन्यात असंच झालं, मी एक घर चुकलो आणि जास्तीत जास्त दर सर्वसाधारण म्हणून सांगितला, भावानी त्यावर पिकअप भरली आणि लांबच्या मार्केटला नेली. डिझेलचे पैसे गेले ते गेलेच, पण त्यानंतर दोन-तीन दिवस घरात माझ्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवेना, ते जास्त लागलं.

खरं तर काम छोटं आहे. वरची ओळ नुसती बोल्ड करतात, ती डोळ्यांना हेडिंग दिसते पण स्क्रीन रीडरला नाही. तिथे पानाच्या कोडमध्ये साध्या घराच्या टीडी टॅगऐवजी हेडिंगचा टीएच टॅग लावायचा, त्यात स्कोप लिहून हे हेडिंग कॉलमचं का ओळीचं ते सांगायचं, आणि तक्त्याला कॅप्शन, म्हणजे नाव, द्यायचं. स्कोप 1997 च्या एचटीएमएल 4 पासून आहे (एचटीएमएल म्हणजे वेबपानं लिहायची भाषा), काही विकत घ्यावं लागत नाही. घरं शक्यतो जोडू नका, तारीख वेगळ्या कॉलमला टाका.

आणि तक्त्याचा फोटो तर टाकूच नका, प्लीज. तिथे आम्हाला "ग्राफिक" एवढंच ऐकू येतं. तुमच्या वेबसाईटवरही भाव बऱ्याचदा फोटोतच येतात म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितोय.

30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टानी ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पटवण्याच्या) प्रकरणात सांगितलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माझ्यासाठी तो हक्क म्हणजे रोजचा हा तक्ता.

तुमच्याकडे पानं बनवणाऱ्यांनी नवीन तक्ता करून मला लिंक पाठवली तर मी तपासून देईन, पैसे नकोत. फक्त सकाळी नऊच्या आत पाठवा, नंतर लिलाव सुरू होतात.

आपला,
एक वाचक
ता. निफाड, जि. नाशिक