शोधातून शिकवायचे, तर शिक्षकही तसाच शिकावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने व्यक्त केली आहे. तास भरतील, प्रमाणपत्रेही मिळतील. त्या तासांत घडते काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मूल स्वतःचे ज्ञान स्वतः रचते हे मानसशास्त्रज्ञ पियाजेचे प्रतिपादन आणि जाणत्याच्या आधाराने ते एकट्याच्या आवाक्यापलीकडे जाते हा मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीचा सिद्धांत, हे दोन्ही अनेकदा पडद्यावरून वाचून दाखवले जातात व प्रशिक्षणार्थी ते मुकाट्याने उतरवून घेतात. वर्गात जी पद्धत सोडा असे सांगायचे, तिच्याच आधारे हे सांगितले जाते, याचे कोणाला नवल वाटत नाही.

‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य शासनाच्या कार्यक्रमाच्या काळात साताऱ्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षण-गटातल्या, ज्ञानरचनावादी शाळा पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले. त्यानंतर ठिकठिकाणी वर्गांच्या फरश्या आखून रंगवल्या गेल्या. परंतु त्या आखणीवर बसलेले मूल कसा विचार करते, हे टिपण्याची सवय तेवढ्या वेगाने पसरली नाही. रंग महिन्याभरात देता येतो, निरीक्षणाला वर्षे लागतात.

आंतरराष्ट्रीय दृष्टीचेही असेच झाले आहे. ती महागड्या शाळांची मक्तेदारी समजली जाते, किंवा झेंडे आणि वेशभूषांच्या कार्यक्रमात आटोपते. वास्तविक ‘आपल्या नाग नदीचे पाणी पुढे कोठे जाते?’ या एका प्रश्नामागे लागलेला वर्ग कन्हान, वैनगंगा, गोसेखुर्द धरण, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करत बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचतो. वरच्या शहराच्या सांडपाण्याची किंमत खालच्या गावांनी का मोजावी, हा प्रश्न तेथे आपोआप उभा राहतो, आणि मग अनेक देशांतून वाहणाऱ्या नद्यांचे तंटे मुलांना परके वाटत नाहीत. असा पाठ घेण्यासाठी शिक्षकाने आधी स्वतः तो शोध घेतलेला असावा लागतो.

म्हणून केंद्रस्तरावरील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदांचा निम्मा वेळ परिपत्रकांच्या वाचनातून मोकळा करावा. त्या वेळेत एखाद्या शिक्षकाचा प्रत्यक्ष पाठ इतरांनी पाहावा आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नांवर चर्चा करावी. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील अधिव्याख्यात्यांनीही वर्षातून काही पाठ स्वतः मुलांसमोर घ्यावेत. निवडणूक व सर्वेक्षणाच्या कामांतून शिक्षकांना उसंत मिळाली, तर यासाठी वेगळा निधीही फारसा लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक, नागपूर