बीड रोडवरचा ट्रक

जालना

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, अहमदाबादच्या विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल आला. पायलटनेच इंधन बंद केलं, विषय संपला." होस्टेलवर सगळ्या मुलींचं तेच मत आहे म्हणे. विमानाचं इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोरीने इतक्या लवकर विषय संपवावा, हे माझ्या मनाला लागलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

तो अहवाल मी वाचला. 12 जून 2025 ला 260 माणसं गेली आणि महिनाभरात अहवाल आला, कारण आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे: 30 दिवसांत प्राथमिक माहिती, शक्यतो वर्षभरात अंतिम अहवाल. उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले. एका वैमानिकाने विचारलं, का बंद केलंस? दुसरा म्हणाला, मी नाही केलं. एवढं सांगून अहवाल थांबतो. कुणी, कसं, का, याचं उत्तर त्यात नाही. ते तुम्ही पोरींनी भरून टाकलंत. आणि ज्या माणसाबद्दल भरलंत तो आता उत्तर द्यायला नाही. त्याच्या घरी आई-बाप असतील, लेकरं असतील, याचा विचार कर.

आता आपल्याकडचंच घे. 26 एप्रिल 1993, भर दुपार. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737, आत 118 माणसं. धावपट्टीपलीकडे बीड रोड, आणि रोडवर रुईच्या गाठींनी भरलेला ट्रक. माझी उमर कापसाच्या जिनिंगमध्ये गेली, त्यामुळे तो ट्रक मला स्पष्ट दिसतो. एक गाठ साधारण 170 किलोची, पट्ट्यांनी आवळलेली. थरावर थर रचतात, वरून दोर ताणतात आणि ट्रक रस्त्यावर चालत्या घरासारखा उंच दिसतो. विमान धावपट्टीच्या टोकाशी जेमतेम उचललं, त्याचं डावं चाक ट्रकला धडकलं. पुढे ते उच्चदाबाच्या तारांना लागून कोसळलं. 55 जण गेले.

चौकशीत दोन कारणं निघाली. वैमानिकांनी नाक उशिरा उचललं आणि उचलण्याची पद्धतही चुकली, हे एक. आणि उड्डाणाच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक अडवण्याचं काम विमानतळ प्राधिकरणाने केलं नाही, हे दुसरं. पायलटची चूक सापडल्यावर फाईल बंद केली असती, तर रस्त्याचं कुणी विचारलं असतं का? म्हणूनच विमान अपघातांच्या तपासाचे आंतरराष्ट्रीय नियम ज्यात आहेत, त्या परिशिष्ट 13 मध्ये स्पष्ट लिहिलंय की तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष कुणाच्या माथी मारायचा हा नाही. शिक्षा करायला कोर्ट-पोलीस वेगळे आहेत.

काम कसं चालतं हे तुला कॉलेजात शिकवतीलच. ब्लॅक बॉक्स, इंजिनाची पाती, देखभालीच्या नोंदी, इंधनाचे नमुने. मला मात्र जुन्या विमानांतल्या धोक्याच्या दिव्यांचं फार नवल वाटतं. आदळताना दिवा लागलेला असेल तर आतली तापलेली तार ताणून लांबते, बंद असेल तर कडक तार कट्कन तुटते. राखेतून तो नखाएवढा बल्ब शोधून भिंगाखाली बघायचा आणि ठरवायचं, शेवटच्या क्षणी वैमानिकापुढे कोणता दिवा पेटला होता. इतकी चिकाटी लागते त्या कामाला.

मग उपयोग किती होतो? 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं हवेत भिडली, 349 जण गेले. लाहोटी आयोगाच्या चौकशीनंतर टक्कर टाळणारी यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली, दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले. हा खरा उपयोग.

पण 2010 चा मंगळूरचा आणि 2020 चा कोळिकोडचा, हे दोन अपघात शेजारी ठेवून वाच. दोन्हीकडे टेबलटॉप धावपट्टी, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरची, टोकाला खोल उतार असलेली. विमान नीट बसत नाहीये हे सहवैमानिकाला कळलं, त्याने 'गो अराउंड' म्हणजे न उतरता परत वर चल म्हटलं, आणि कॅप्टनने तरीही विमान उतरवलं. मंगळुरात 158 गेले, दहा वर्षांनी कोळिकोडात 21. पहिल्या अहवालात सगळं लिहिलेलं होतं, बाळा. यंत्र विकत घेऊन बसवता येतं. वरिष्ठाचं चुकतंय हे दिसल्यावर धाकट्याने कंट्रोल हातात घ्यायचे, हे कागदावर लिहून होत नाही. आमच्या गाठी बांधायच्या प्रेसवरही नवा पोरगा हेडमिस्त्रीला 'थांबा' म्हणायला कचरतो.

दुसरी गोष्ट मला खटकते. अमेरिकेत तपास करणारी संस्था तिथल्या परिवहन खात्याबाहेर आहे. आपली 2012 साली झाली, पण ती ज्या मंत्रालयाखाली आहे त्याच मंत्रालयाखाली विमान कंपन्यांवर देखरेख करणारं डीजीसीएही आहे. उद्या देखरेखीतच ढिलाई निघाली, तर घरच्या घरी कोण कुणाला बोलणार? ती बाहेर काढली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कोळिकोडचा अहवाल इंटरनेटवर पूर्ण मिळतो. शेवटच्या शिफारशी आधी वाच. त्यातल्या किती अमलात आल्या हे तुझ्या सरांना विचार आणि मला कळव. अहमदाबादचा अंतिम अहवाल येईपर्यंत त्या दोघा वैमानिकांबद्दल तुझ्या तोंडून वेडंवाकडं येऊ देऊ नकोस.

आईने मामांसोबत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, रविवारी पोचेल.

तुझे,
बाबा