स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण भगिनींसाठी गावाचा मदत निधी : नम्र आवाहन

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि कामानिमित्त बाहेरगावी राहणाऱ्या गावकरी बंधुभगिनींना सप्रेम नमस्कार.

आमच्या महिला ग्रामसंघाच्या एका सदस्य ताईंचे स्तनाच्या कर्करोगावरील उपचार या श्रावणात पूर्ण झाले, हे कळवताना आम्हा सर्वजणींचे मन भरून आले आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन हे तिन्ही टप्पे पार पडले असून आता काही वर्षे रोज एक गोळी घेणे आणि ठरलेल्या वेळी नागपूरला तपासणीसाठी जाणे एवढेच उरले आहे. ताईंच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे दिलेले नाही, परंतु ज्यांच्या आधाराने हे वर्ष निभावले त्या सर्वांचे आभार गावासमोर मानले जावेत आणि तोच आधार पुढच्या बाईलाही मिळावा, ही त्यांचीच इच्छा असल्यामुळे राळेगाव तालुक्यातील आमच्या ग्रामसंघाच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत.

आभाराचा पहिला मान ताईंच्या सासूबाईंचा आहे. गुडघे दुखत असतानाही त्यांनी घर, चूल आणि नातवंडांची शाळा सांभाळली, आणि सून नागपूरहून परतली की तिच्या तोंडाला चव नाही हे ओळखून मुगाचे वरण आणि मऊ भात तिच्यापुढे ठेवला. ताईंच्या भावजय रेडिएशनच्या काळात स्वतःचे घर सोडून त्यांच्यासोबत नागपुरात राहिल्या, कारण ते दिवस नेमके पेरणी आणि डवरणीचे होते व यजमानांना शेत सोडणे शक्य नव्हते. त्याआधी हिवाळ्यात केमोथेरपी सुरू असताना त्यांच्या शेतातील कापूस फुटून लोंबत होता, तेव्हा शेजारच्या बायांनी मजुरी न घेता वेचणी करून दिली. ज्या हंगामात प्रत्येक दिवसाच्या मजुरीवर घर चालते, त्या हंगामात दिलेले हे दिवस किती मोलाचे आहेत, हे कापूस वेचणाऱ्यालाच कळेल. बचत गटातील सदस्यांनी ताईंची मासिक बचत आणि कर्जाचा हप्ता आपसात वाटून भरला. केस गेल्यानंतर ताईंनी बाहेर पडणे सोडले होते, तेव्हा दोघी-तिघी मैत्रिणी दर बैठकीला त्यांच्या घरी जाऊन त्यांना सोबत घेऊन येत असत. गाठ दुखत नसल्यामुळे ताई तपासणी टाळत होत्या. न दुखणारी गाठच आधी दाखवायला हवी असे पुन्हा पुन्हा समजावून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जाणाऱ्या आशाताईंचे ऋण तर शब्दांत मांडता येणार नाही.

आता मागणे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि त्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिएशन येते. ताईंनाही हा लाभ मिळाला. त्यामुळे पैशाची चिंता उरत नसावी, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात आमच्या भागातील बाई उपचार अर्धवट सोडते ती बहुतेक वेळा औषधाच्या किमतीमुळे नव्हे, तर त्याभोवतीच्या खर्चामुळे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. केमोथेरपी बहुधा दर २१ दिवसांनी असते, पण रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, सलग तीन ते पाच आठवडे घ्यावे लागते. ते घेण्यास काही मिनिटेच लागतात आणि रुग्ण सहसा रुग्णालयात दाखल नसते. म्हणजे रोज गावाहून ये-जा करायची किंवा नागपुरात खोली घेऊन राहायचे, आणि दोघींच्या जेवणाची सोय आपणच पाहायची. एसटीत २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, पण सोबत जाणाऱ्या पुरुषाला पूर्ण भाडे पडते, आणि केमोथेरपीमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिवसांत संसर्गाच्या भीतीमुळे गर्दीच्या गाडीतून प्रवास करणे धोक्याचे असते. अशा वेळी रात्री ताप भरला तर सकाळच्या एसटीची वाट पाहता येत नाही. त्याच रात्री वाहन करून रुग्णालय गाठावे लागते.

उपचार संपल्यानंतरची अडचण फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. शस्त्रक्रियेत काखेतील लसिका ग्रंथी काढल्यामुळे त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची भीती कायम राहते. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वाळलेल्या बोंडांची टोके वेचणाऱ्या बाईच्या बोटांना सतत लागतात आणि तेवढ्याशा जखमेतूनही त्या हातात संसर्ग होऊ शकतो, म्हणून तो हात जपायला, जड ओझे न उचलायला आणि शिकवलेला व्यायाम रोज करायला सांगितले जाते. जिचे उत्पन्नच वेचणी आणि निंदणाच्या मजुरीवर आहे, तिने बरे झाल्यावर पहिले काही महिने घर कशावर चालवायचे?

या सर्व गरजांसाठी ग्रामसंघाने कायमस्वरूपी मदत निधी उभारण्याचे ठरवले आहे. प्रवासभाडे, नागपुरातील मुक्काम व जेवण, तातडीचे वाहन आणि उपचारानंतरच्या काही महिन्यांचा किराणा यांसाठीच तो वापरला जाईल. ताईंना मिळालेली माणसे प्रत्येकीच्या वाट्याला येतीलच असे नाही. ज्या बाईला भावजय नाही किंवा जिचे घर गावाच्या टोकाला आहे, तिलाही उपचार पूर्ण करता आले पाहिजेत, एवढ्यासाठी ही धडपड आहे.

ज्यांना रोख रक्कम देणे शक्य आहे त्यांनी ती द्यावी. एका दिवसाची मजुरी दिली तरी ती आम्हाला मोठी आहे. पैसे नसतील तर पायलीभर तूर किंवा ज्वारी द्यावी. नागपुरात राहणाऱ्या गावकऱ्यांपैकी कुणाची मेडिकल चौक किंवा मानेवाडा परिसरात एखादी खोली काही आठवडे रिकामी राहत असेल, तर तिच्याइतकी दुसरी मोठी मदत नाही. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी रात्री-अपरात्री येण्याची तयारी कळवावी, आणि ज्या बाया दवाखान्यात सोबत राहू शकतात त्यांनी आपले नाव नोंदवावे.

रक्कम व धान्य ग्रामपंचायत कार्यालयात ग्रामसंघाच्या सचिवांकडे जमा करून पावती अवश्य घ्यावी. निधीचे बँक खाते ग्रामसंघाच्या नावे असून पैसे काढण्यासाठी दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. जमाखर्च २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल. मदत घेणाऱ्या भगिनीचे नाव मात्र तिच्या संमतीशिवाय वाचले जाणार नाही.

शेजारच्या पोडावरील (कोलाम वस्तीतील) एका भगिनीला नुकतेच स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले असून तिची पहिली केमोथेरपी लवकरच सुरू होत आहे. घरी दोन लहान मुले आहेत आणि सोबत जायला कुणी नाही. निधीतील पहिली मदत तिला द्यायची आहे, म्हणून शक्य असेल त्यांनी आपला वाटा पोळ्यापूर्वी पोहोचवावा, ही कळकळीची विनंती.

आपल्या नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्या
महिला ग्रामसंघ