कॅनकूनच्या लेखात बसमधली माणसं राहून गेली

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मेक्सिकोतल्या कॅनकूनवर पानभर लेख आला होता, फोटो झकास होते, पण वाचून राहवलं नाही म्हणून मोबाईलवरच टाईप करायला बसली आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या. लेखात म्हटलंय की कोळ्यांचं हे जुनं गाव आपल्या निसर्गसौंदर्याच्या जोरावर हळूहळू जगाच्या नकाशावर आलं. हळूहळू कुठलं जी! १९७० मध्ये हे पर्यटनाचं शहर उभं करायचं काम सुरू झालं तेव्हा कॅनकूनच्या बेटावर मोजून ३ माणसं राहायची, तीही नारळाच्या बागेची राखण करणारी, आणि समोरच्या किनाऱ्यावर पुएर्तो ह्वारेस नावाची वस्ती होती तिथे ११७. २०२० च्या जनगणनेत त्याच शहरात ८ लाख ८८ हजार माणसं भरली. आपल्या २०११ च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखाची होती, म्हणजे बघा.

आता हे झालं कसं, तर बँकेतल्या लोकांनी केलं. मी स्वतः बँकेत ३४ वर्षं काढली त्यामुळे हा भाग मला सगळ्यात आवडतो. साठच्या दशकात मेक्सिकोला डॉलर पाहिजे होते, आणि क्युबात क्रांती झाल्यावर अमेरिकेच्या लोकांना तिकडची दारं बंद झाली होती, समुद्रावर जायला त्यांना दुसरी जागा पाहिजेच होती. तेव्हा मेक्सिकोच्या केंद्रीय बँकेतले अधिकारी कागद-पेन्सिल घेऊन देशाचे किनारे पालथे घालत फिरले, ऊन किती दिवस, पाऊस किती, पाणी कसं, वादळं किती येतात, आजूबाजूला बेकारी किती, असे सगळे आकडे मांडून जागा काढली. कॉम्प्युटरने जागा निवडली असं तिथले गाईड अजून सांगतात पण ऊन-वारा मोजत फिरणारी माणसंच होती. त्यातले एक अंतोनियो एन्रिकेस साविन्याक पुढे जागतिक पर्यटन संघटनेचे महासचिव झाले. बँकेतल्या माणसाने एवढं करावं म्हणजे आमची छाती फुगते, आमच्या ब्रँचमध्ये तर पंखा दुरुस्त करायचा प्रस्ताव ८ महिने फिरत होता.

पैसा मुख्यतः सरकारी. आंतर-अमेरिकी विकास बँकेने दोन कोटी डॉलरच्या वर कर्ज दिलं, आणि खासगी हॉटेलवाले त्या जंगलात यायलाच तयार नव्हते म्हणून पहिल्या पहिल्या हॉटेलांनाही सरकारनेच पैसा लावला. रस्ता, पाणी, वीज, विमानतळ सगळं आधी, पाहुणा नंतर. आणि अजून एक, हे मी आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या विदर्भवाद्यांसाठी मुद्दाम लिहून राहिली, कॅनकून ज्यात येतं तो किंताना रो नावाचा भाग तेव्हा राज्यसुद्धा नव्हता, केंद्राच्या ताब्यातला प्रदेश होता, ८ ऑक्टोबर १९७४ ला त्याला राज्याचा दर्जा मिळाला. आपण १९५६ पासून वाट बघतोच आहे, असो.

प्लॅनमध्ये पहिल्यापासून दोन भाग होते. सात आकड्यासारखं दिसणारं २०-२२ किलोमीटर लांब अरुंद बेट, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला निचुप्ते नावाचं खाडीचं तळं, ते हॉटेलांसाठी. आणि तिकडे जमिनीवर काम करणाऱ्यांसाठी शहर. शहराचे मोठमोठे ब्लॉक पाडले त्याला सुपरमान्साना म्हणतात, मान्साना म्हणजे त्यांच्या भाषेत घरांचा ब्लॉक पण आणि सफरचंद पण, मी मुलीला म्हटलं आपल्याकडे असतं तर सुपरसंत्रा ठेवलं असतं. पण कागदावर जेवढे कामगार धरले होते त्याच्या कितीतरी पट आले, युकातान, चियापास, ताबास्को अशा गरीब भागांतून, आणि आखलेल्या ब्लॉकच्या बाहेर पाण्याचा नळ नाही, रस्ता नाही अशा वस्त्या पसरत गेल्या. तुमच्या लेखात हे शहरच नाही! लेख विमानतळावरून निघतो तो सरळ हॉटेलात जातो.

माझी मुलगी अमेरिकेत असते, मागच्या डिसेंबरात तिने आम्हा दोघांना तिकडे नेलं होतं. हॉटेलात गेल्या गेल्या मनगटाला प्लॅस्टिकचा पट्टा बांधतात, मग खा प्या कितीही, तिसऱ्या दिवशी मला त्या पट्ट्याचा कंटाळा आला. चौथ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलसमोरून जाणाऱ्या आर-१ बसमध्ये आम्ही मायलेकी चढलो, आमचे हे आले नाहीत, पोटाचं कारण सांगितलं. बस शिफ्ट सुटलेल्या माणसांनी गच्च भरलेली, कोणाच्या पिशवीतून युनिफॉर्मची बाही लोंबते आहे, कोणी उभ्या उभ्या झोपते आहे, एक पोरगा मध्येच गिटार घेऊन चढला, दोन गाणी म्हणून पैसे गोळा करून उतरला. माझ्या बाजूला रूम साफ करणारी एक बाई होती, माझ्याच वयाची असेल, चियापासची. मुलीने तोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं समुद्रावर कधी जाता का. ती हसली आणि म्हणाली रविवारी, देल्फिनेसला. तिथे कायद्याने किनारा सगळा सरकारचा म्हणजे लोकांचा, कोणालाही जाता येतं, पण हॉटेलांच्या भिंतीतून पोचायचं कसं, मग प्लाया देल्फिनेससारख्या मोकळ्या जागी सगळे जमतात. आम्ही रविवारी गेलो तर तिथे आपल्या कस्तुरचंद पार्कसारखी गर्दी, पोरंबाळं, डबे, छत्र्या, आणि आंब्याच्या फोडींवर तिखट-मीठ-लिंबू टाकून विकणारे! बाप्पा, इतक्या लांब येऊन मला एकदम आमच्या नागपूरच्या महाल भागातली शाळा सुटल्याची वेळ आठवली. जवळच एल रेय म्हणून माया लोकांचे जुने अवशेष आहेत, त्या दगडांवर घोरपडीएवढे इग्वाना ऊन खात पडलेले असतात, हलत सुद्धा नाही.

शहर आणि हॉटेलपट्टा यांच्या मधली रेष किती खरी आहे ते सप्टेंबर २००३ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. जागतिक व्यापार संघटनेची बैठक हॉटेलपट्ट्यात होती आणि आंदोलकांना त्याच्या तोंडाशीच कुंपण घालून अडवलं होतं. १० तारखेला त्या कुंपणावर ली क्युंग-हे या दक्षिण कोरियाच्या शेतकऱ्याने स्वतःचा जीव दिला. कॅनकूनवर लिहिताना विदर्भातल्या पेपरला हे आठवायला पाहिजे होतं असं मला वाटते, राग मानू नका. इंदिरा गांधी १९८१ च्या शिखर परिषदेला तिथे गेल्या होत्या तेही आलं नाही, पण ते चालून जाईल.

आणि निसर्गाचं म्हणाल तर त्याने वसुली पण केली. १९८८ मध्ये गिल्बर्ट आणि ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा अशी चक्रीवादळं आली, विल्मा तर दोन दिवस तिथेच ठाण मांडून बसलं, किनाऱ्याची वाळूच ओढून नेली, मग समुद्रातून वाळू उपसून परत टाकावी लागली. फोटोत पांढरीशुभ्र दिसते त्यातली बरीच आणून टाकलेली आहे. खारफुटी कापली ती वेगळीच. आता उन्हाळ्यात सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने येते, कामगार पहाटेपासून फावड्याने उचलत असतात. तरी पाहुणे काही कमी होत नाही, २०२३ मध्ये त्या विमानतळावरून ३ कोटींच्या वर प्रवासी गेले-आले. आपल्या विमानतळाचा आकडा मी लिहीत नाही, जीव कशाला जाळायचा.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे लेखाच्या शेवटी तुमच्या लेखकाने आपल्या खिंडसी तलावाचं आणि पेंचच्या जंगलाचं कॅनकून करा असं लिहून टाकलंय. करा ना, नको कोण म्हणते. पण आमच्याकडे भांडी घासायला येते तिचा मुलगा पेंचजवळच्या एका रिसॉर्टमध्ये वेटर आहे, एका खोलीत सहा जण, संडासला रांग, सीझन संपला की घरी. तिथल्या बँकवाल्यांनी निदान कागदावर तरी कामगारांचं शहर काढलं होतं, पुरलं नाही ते पुढचं. आपल्या कोणत्या पर्यटन आराखड्यात त्या पोराची खोली काढली आहे ते तुमच्या वार्ताहराने जरा शोधून छापावं, मी कात्रण करून तिला वाचून दाखवीन.

जाता जाता, पायऱ्यांच्या देवळाचा जो मोठा फोटो 'कॅनकूनचे प्राचीन मंदिर' म्हणून छापला ते चिचेन इत्सा या माया लोकांच्या जुन्या शहरातलं आहे, कॅनकूनपासून २०० किलोमीटरवर. आम्ही सकाळी ६ ला निघून गेलो होतो तेव्हा कुठे १० च्या आत पोचलो.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर, नागपूर