शिक्षक आमदार नक्की कोणत्या शिक्षकांचे?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

विधान परिषदेच्या पुणे आणि अमरावती शिक्षक मतदारसंघातल्या आमदारांची मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते. म्हणजे परत फॉर्म १९ भरा, नाव नोंदवा (या मतदारसंघाची यादी दर वेळी नव्याने बनते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून चालत नाही) आणि मग सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेले फोटो. पण एक गोष्ट आमच्या गावात कुणालाच माहिती नव्हती, आणि सांगितली तरी लोक खरं मानत नाहीत. झेडपीच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना या शिक्षक मतदारसंघात मतच नाहीये! घटनेच्या कलम १७१ मध्येच तसं आहे, माध्यमिकच्या खालच्या शाळेत शिकवणारा इथं मतदार होऊ शकत नाही. हायस्कूलवाले, ज्युनिअर कॉलेजवाले, सिनिअर कॉलेजचे प्राध्यापक सगळे मतदार, आणि पहिलीच्या पोराकडून अक्षर गिरवून घेणाऱ्या बाई नाहीत. त्या पदवीधर असतील तर पदवीधर मतदारसंघात मत देता येतं, पण तिथं त्या वकील, इंजिनिअर, बँकवाल्यांच्या गर्दीतल्या एक.

आता कुणी म्हणेल पालकाला काय करायचंय यात. सांगतो. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. आमची शाळा डोंगरातली, पट विसाच्या आत, शिक्षक दोन. आणि गेल्या काही वर्षांत अशा शाळांबद्दल जे जे निर्णय आले ते बघितले की वाटतं मुंबईत आमच्या बाजूने बोलणारा एकही माणूस नाही. सप्टेंबर २०२३ ला कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या समूह शाळा करायचं पत्र निघालं, पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देऊन. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा (पटावरून शिक्षकपदं ठरवायचा) जीआर, ज्यात सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला की तिथं शिक्षकपद मंजूरच होत नाही. मग ५ सप्टेंबर २०२४, म्हणजे बरोब्बर शिक्षक दिनाला, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, महिना १५ हजारांवर (हा निर्णय पुढे २०२५ मध्ये रद्द झाला). काय मुहूर्त काढलाय बघा! त्यावर २५ सप्टेंबरला प्राथमिकच्या सगळ्या संघटना एकत्र येऊन सामूहिक रजेवर गेल्या, जिल्ह्याजिल्ह्यात मोर्चे निघाले. तेव्हा गावात चर्चा काय, तर यांना परत पगार वाढवून पाहिजे असणार. मोर्चा कशासाठी होता हे आमच्यातल्या निम्म्या पालकांना नंतर कळलं. यात चूक संघटनांचीही आहे. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संप झाला तो ऐन परीक्षेच्या दिवसांत, तेव्हा लोकांच्या मनात जे बसलं ते बसलं. मोर्च्याच्या आधी निदान गावच्या समितीला बोलवून दोन गोष्टी समजावून सांगितल्या असत्या तर आम्ही पण चार जीप भरून आलो असतो की, कारण पद जातं ते आमच्या पोरांचं जातं.

पटाचा हिशोब कसा होतो हे पण लिहितो. ३० सप्टेंबरला यू-डायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत) जी मुलं आधार व्हॅलिड दिसतात ती धरायची. आधारवर नावात काना-मात्रा चुकला, जन्मतारीख जुळली नाही, तर मूल वर्गात बसलंय पण सरकारच्या हिशोबात नाही. ते आधार दुरुस्त करायला तालुक्याच्या गावी जायचं, तिथं सर्व्हर डाऊन, परत या. आणि हे सगळं करणार कोण तर तेच दोन शिक्षक, ज्यातला एक बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा) आहे आणि दुसरा पोषण आहाराची रोजची नोंद करतोय. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये असं लिहिलंय, आमच्याकडे तर तेवढ्यातच गडी संपतो.

पैशाचं बघा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाचं एकत्रित अनुदान येतं, ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार. १० हजारात वर्षभराचं लाईट बिल, खडू, झाडू, फिनेल, नळाची तोटी, आणि त्यातले दहा टक्के स्वच्छतेवरच खर्च करायचे अशी अट. महिन्याला साडेआठशे सुद्धा पडत नाहीत. डिजिटल शाळेचे टीव्ही गावोगाव भिंतीवर लागले, पण ते चालवायचं बिल कोण भरणार? पट कमी म्हणून पैसे कमी, पैसे कमी म्हणून शाळा भकास दिसते, भकास दिसते म्हणून ज्याला परवडतं तो पोराला पिवळ्या बसमध्ये बसवून खाली इंग्लिश मीडियमला पाठवतो, की पट अजून कमी. मग सरकार म्हणणार बघा लोकांनाच तुमची शाळा नको आहे.

गणवेशाचं तर विचारूच नका. २०२४-२५ ला सगळ्या राज्याला एकच कापड वरून पाठवायचं आणि बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं, पोरांनी निम्मं वर्ष जुन्याच कपड्यात काढलं, शेवटी डिसेंबरात निर्णय फिरवून काम परत शाळा समित्यांकडे दिलं. आधी विचारलं असतं तर आम्ही फुकटात सल्ला दिला असता.

आता शिक्षक आमदारांवर येतो. विधान परिषदेत ७८ आमदार, त्यातले ७ शिक्षक मतदारसंघाचे. हे लोक बोलत नाहीत असं मी म्हणणार नाही, भरपूर बोलतात. पण विषय कुठला? विनाअनुदानित शाळांचं टप्पा अनुदान (पगारासाठी टप्प्याटप्प्याने मिळणारे सरकारी पैसे), वाढीव पदं, शालार्थ आयडी (सरकारी पगारासाठी लागणारा शिक्षकाचा नंबर). ते दुखणं खोटं नाहीये. २००१ ला कायम विनाअनुदानित म्हणून शाळा वाटल्या, २००९ ला त्यातला 'कायम' हा शब्द काढला, आणि हातात अनुदानाचे पहिले २० टक्के पडायला २०१६ उजाडलं. माझा चुलतभाऊ अशाच शाळेत होता, बीएड झालेला माणूस, शाळा सुटली की दुधाची गाडी चालवायचा, लग्न जमायला किती त्रास झाला ते घरच्यांनाच माहिती. २०२५ च्या जुलैमध्ये ही मंडळी भर पावसात आझाद मैदानात बसली तेव्हा कुठे पुढच्या टप्प्याच्या पैशाचा शब्द मिळाला. त्यांचे आमदार त्यांच्यासाठी भांडतात, भांडलंच पाहिजे, मत त्यांचं आहे.

पण मग आमचं कोण? झेडपीच्या शाळेसाठी भांडायचं काम झेडपी मेंबरचं. तर २०२२ ला मुदती संपल्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षं कोर्टात लटकल्या. म्हणजे समूह शाळा, संचमान्यता, कंत्राटी शिक्षक हे सगळे निर्णय आले तेव्हा शिक्षण समितीत निवडून आलेला माणूसच नव्हता, आणि वरती शिक्षक आमदाराला प्राथमिकवाल्याच्या मताची गरज नव्हती. दोन्ही दारं बंद. सरकारच्या दृष्टीने याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही.

प्राथमिक शिक्षकांच्या संघटना मताधिकाराची मागणी करतात, बरीच वर्षं करतायत. पण खरं सांगू का, ती मागणी निवेदनात शेवटच्या नंबरला असते. बदल्या, पेन्शन, आता टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा (सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांना दोन वर्षांत पास व्हायला सांगितलंय, त्यामुळे पन्नाशीचे गुरुजी रात्री बालमानसशास्त्र पाठ करतायत) हे सगळं वर. शिक्षकांच्या पतसंस्थेच्या निवडणुकीला जेवढी पॅनल पडतात आणि जेवढी धावपळ होते त्याच्या चौथा हिस्सा जोर इथं लावला असता तर एव्हाना निदान विधान परिषदेत ठराव तरी झाला असता. घटनादुरुस्ती संसदेत होते, मान्य आहे, राज्याच्या हातात नाही. पण खासदार पण आपलेच आहेत ना, त्यांच्या पोरांच्या लग्नात स्टेजवर गुरुजी लोक माईक धरतातच.

तुम्हाला विनंती एवढीच आहे. निवडणुकीच्या काळात तुमच्या पेपरात सगळ्या उमेदवारांच्या मुलाखती येतील. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा. १५ मार्च २०२४ च्या जीआरवर तुमची लेखी भूमिका काय, आणि प्राथमिक शिक्षकाला या मतदारसंघात मत मिळावं का, हो का नाही. बघू, करू, पाठपुरावा करू असलं उत्तर आलं तर तसंच्या तसं छापा, नावासकट.

आपला,
एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
ता. पाटण, जि. सातारा